हजारो पीडित, एक दावा आणि तडजोडीवरची सही

समजा, एका विकासकाने तीनशे सदनिका विकल्या, ताबा देण्याची तारीख उलटून चार वर्षे झाली, आणि तीनशेही कुटुंबे एकीकडे राहत्या घराचे भाडे आणि दुसरीकडे न मिळालेल्या घराच्या कर्जाचा हप्ता भरत आहेत. यांपैकी प्रत्येकाने आपापला दावा वेगळा लावायचे ठरवले, तर तीनशे वकीलपत्रे होतील, तीनशे वेळा कोर्ट फी भरावी लागेल, एकाच नमुन्याचा करारनामा तीनशे वेळा पुराव्यात जाईल आणि विकासकाच्या त्याच अभियंत्याची तीनशे वेळा उलटतपासणी होईल. विकासकाला हे परवडते, कारण त्याचे वकील ठरलेले असतात आणि एका दाव्यात तयार केलेली कैफियत पुढच्या दाव्यात नाव बदलून वापरता येते. ग्राहकाला ते परवडत नाही. नुकसान काही हजारांचेच असेल तर वकिलाची फी त्याहून जास्त होते आणि बहुतेक लोक कोर्टाची पायरीच चढत नाहीत. परिणामी ज्याने एकाचेच मोठे नुकसान केले तो सापडतो, आणि ज्याने हजारो लोकांचे थोडेथोडे नुकसान केले तो सुटतो.

या अडचणीवरचा उपाय जुना आहे. एकाने किंवा काही जणांनी, आपल्यासारख्याच परिस्थितीत सापडलेल्या सर्वांच्या वतीने एकच दावा लावायचा, त्याचा निकाल एकदाच व्हायचा आणि तो सर्वांना लागू व्हायचा. आपल्याकडे याला प्रातिनिधिक दावा म्हणतात. अमेरिकेतला ‘क्लास अ‍ॅक्शन’ हा याच कुळातला, पण बराच वाढलेला प्रकार आहे. यातून मिळणारे बळ उघड आहे. त्याची किंमत मात्र चटकन ध्यानात येत नाही. जो माणूस कोर्टात कधी गेला नाही, ज्याने वकीलपत्रावर सही केली नाही, ज्याला कदाचित दाव्याची कुणकुणही नव्हती, त्याचा हक्कसुद्धा त्या निकालाने कायमचा ठरून जातो. म्हणून अशा कोणत्याही दाव्याकडे पाहताना मला दोन प्रश्न सर्वांत महत्त्वाचे वाटतात. सर्वांच्या वतीने तडजोडीला ‘हो’ म्हणण्याचा अधिकार कोणाकडे आहे? आणि पीडित किती, याची मोजदाद रक्कम ठरण्याच्या आधी झाली की नंतर? भोपाळच्या वायुपीडितांचा दावा हा आपल्या देशातला अशा प्रकारचा सर्वांत मोठा दावा, आणि या दोन्ही प्रश्नांची किंमत तिथल्या माणसांनी मोजली आहे. तिथे जाण्याआधी साधा नियम काय सांगतो ते पाहू.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ‘आदेश १, नियम ८’ नावाची तरतूद आहे. पुष्कळ व्यक्तींचा एकाच बाबतीत समान हितसंबंध असेल, तर त्यांच्यापैकी एक किंवा अधिक जणांना न्यायालयाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने दावा लावता येतो, असा तिचा आशय आहे. इथे ‘समान हितसंबंध’ या शब्दांचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. प्रत्येकाच्या हातातला कागद वेगळा आहे, प्रत्येकाला आलेली नोटीस वेगळ्या तारखेची आहे, एवढ्यावरून हितसंबंध वेगळा होत नाही. १९७६ च्या दुरुस्तीने या नियमाला जोडलेल्या स्पष्टीकरणात तसे सांगितलेले आहे, आणि तामिळनाडू गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीतील घरधारकांकडे मंडळाने वाढीव रक्कम मागितली होती, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये तेच मान्य केले. घरधारकांना मागणीच्या नोटिसा स्वतंत्रपणे गेल्या होत्या, पण सर्वांचा प्रश्न एकच होता: मंडळाला ही वाढ मागण्याचा अधिकार आहे का? प्रश्न एक, म्हणून दावा एक.

परवानगी दिल्यावर न्यायालयाने सर्व संबंधितांना नोटीस द्यायची असते. माणसे मोजकी असतील तर ती प्रत्येकाला व्यक्तिशः जाते, आणि संख्या फार मोठी असेल तर वर्तमानपत्रातून जाहीर नोटीस दिली जाते. खर्च वादीने करायचा. ही नोटीस म्हणजे निव्वळ उपचार आहे असे समजू नये. ती वाचून कोणाही संबंधिताला ‘मलाही पक्षकार करून घ्या’ असा अर्ज करता येतो. प्रतिनिधी म्हणून उभा राहिलेला माणूस दावा नीट चालवत नसेल, तर न्यायालय त्याच्या जागी दुसऱ्याला आणू शकते. सर्वांत मोलाचा भाग तडजोडीचा आहे. सर्व संबंधितांना नोटीस दिल्याशिवाय असा दावा सोडून देता येत नाही, मागे घेता येत नाही आणि त्यात तडजोडही करता येत नाही. संहितेच्या आदेश २३ मधील नियम ३-ख त्याच्याही पुढे जातो: प्रातिनिधिक दाव्यात न्यायालयाच्या स्पष्ट परवानगीवाचून केलेली तडजोड शून्यवत ठरते. कारण सरळ आहे. प्रतिनिधीला प्रतिपक्षाने एकट्याला गाठून फोडले किंवा तो थकून तयार झाला, तर मागच्या हजारो लोकांचा हक्क त्याच्या एका सहीने जाऊ नये. अमेरिकेतल्या नुकसानभरपाईच्या सामूहिक दाव्यात एखाद्याला ‘मला यात धरू नका’ असे कळवून बाहेर पडता येते. आपल्या नियमात असा बाहेर पडण्याचा हक्क लिहिलेला नाही, म्हणून आत असलेल्यांची संमती जपणे इथे अधिकच गरजेचे आहे.

तरीही मोठ्या दुर्घटनांच्या भरपाईसाठी हा नियम फारसा वापरला गेलेला नाही. ‘ही मागणी बेकायदा आहे असे जाहीर करा’ किंवा ‘हे बांधकाम थांबवा’ अशा मागण्यांत एकच उत्तर सर्वांना पुरते. भरपाईत तसे होत नाही. कारखान्याने निष्काळजीपणा केला का, हा प्रश्न सर्वांचा एकच असतो; पण एकाचा कमावता मुलगा गेला, दुसरीचे फुप्फुस निकामी झाले आणि तिसऱ्याला महिनाभर खोकला राहिला, तर तिघांचे नुकसान वेगवेगळे सिद्ध करावे लागते. जबाबदारी एकदाच ठरवता येते, नुकसान मात्र माणसागणिक मोजावे लागते. सामूहिक दाव्यातली खरी गाठ इथे आहे, आणि भोपाळमध्ये ती घट्ट बसली.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाईड कारखान्याच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकी वकील भोपाळमध्ये उतरले आणि ७ डिसेंबरला अमेरिकेत पहिला दावा दाखलही झाला. अमेरिकेत वकिलाला मिळालेल्या रकमेतला हिस्सा फी म्हणून घेता येत असल्यामुळे, वस्त्यांमधून फिरून वकीलपत्रांवर अंगठे घेण्याची त्यांना घाई होती. पुढे असे जवळजवळ १४५ दावे न्यूयॉर्कच्या एका संघीय न्यायालयात एकत्र केले गेले. मूळ कंपनी अमेरिकन होती आणि भारतीय कंपनीत तिचा ५०.९ टक्के वाटा होता, त्यामुळे दावा तिच्या दारातच लावावा, हा विचार चुकीचा नव्हता. पण एकाच माणसाच्या नावाने अनेक वकील उभे राहण्याची वेळ आली होती, आणि ज्याच्या नावाने ते उभे होते त्याला पुष्कळदा त्याचा पत्ताही नव्हता.

या परिस्थितीत संसदेने मार्च १९८५ मध्ये भोपाळ वायुगळती दुर्घटना (दाव्यांची प्रक्रिया) कायदा केला. त्याच्या तिसऱ्या कलमाने सर्व पीडितांच्या वतीने दावा लावण्याचा, चालवण्याचा आणि तडजोड करण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. यामागचे तत्त्व आपल्याला घरातून माहीत आहे. अज्ञान मुलाच्या वतीने त्याचा पालक दावा लावतो, त्याप्रमाणे जे स्वतः लढू शकत नाहीत त्यांची पालक राज्यसंस्था, असे ते तत्त्व आहे. चौथ्या कलमात पीडितासाठी एक झरोका ठेवला होता: त्याला जे मुद्दे मांडावेसे वाटतील त्यांचा सरकारने योग्य तो विचार करायचा, आणि स्वतःच्या खर्चाने आपल्या पसंतीचा वकील त्याला सरकारी वकिलांबरोबर जोडून घेता यायचा. ज्याच्या घरात रेशनला पैसे नव्हते त्याच्यासाठी हा झरोका किती उघडा होता, हे सांगायला नको.

एप्रिल १९८५ मध्ये भारत सरकारने न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. तिथे जो युक्तिवाद झाला तो आजही वाचताना अवघडल्यासारखे होते. आमची न्यायालये एवढा प्रचंड दावा वेळेत आणि नीट निकाली काढू शकणार नाहीत, असे भारत सरकारच्या बाजूने मांडले गेले. भारतीय न्यायव्यवस्था पूर्ण समर्थ आहे, असे कंपनी म्हणत होती, आणि तिच्या बाजूने मुंबईचे ख्यातनाम विधिज्ञ नानी पालखीवाला यांनी प्रतिज्ञापत्र दिले होते. न्यायाधीश जॉन कीनन यांनी १२ मे १९८६ रोजी कंपनीचे म्हणणे मान्य केले. साक्षीदार, कागदपत्रे, पीडित सारे भारतात आहेत, तेव्हा खटला तिथेच चालावा, असा तो निर्णय होता. कंपनीने भारतीय न्यायालयांचा अधिकार मान्य करावा आणि मुदत संपल्याची सबब पुढे करू नये, अशा अटी त्याला होत्या.

सप्टेंबर १९८६ मध्ये भोपाळच्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल झाला आणि मागणी तीन अब्ज डॉलरांहून अधिक होती. दावा कधी संपेल याचा भरवसा नव्हता आणि माणसे मरत होती, म्हणून जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी १७ डिसेंबर १९८७ रोजी कंपनीने ३५० कोटी रुपये अंतरिम मदत म्हणून द्यावेत, असा आदेश दिला. उच्च न्यायालयाने एप्रिल १९८८ मध्ये ही रक्कम २५० कोटींवर आणली. या अंतरिम आदेशाविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयात चालू असताना, म्हणजे मूळ दाव्यात साक्षीपुरावा झालेला नसताना, १४ फेब्रुवारी १९८९ रोजी तडजोडीचा आदेश आला. ४७ कोटी डॉलर, आणि त्या बदल्यात दिवाणी व फौजदारी सर्व प्रकरणे समाप्त.

हा आकडा कसा निघाला, हे न्यायालयाने ४ मे १९८९ च्या कारणमीमांसेत सांगितले. कंपनी ४२ कोटी ६० लाख डॉलरपर्यंत जायला तयार होती, सरकारच्या वतीने महान्यायवादी ५० कोटींच्या खाली यायला तयार नव्हते, आणि न्यायालयाला या दोहोंमधला आकडा निवडायचा होता. ती रक्कम पुरेल असे का वाटले, हे दाखवण्यासाठी न्यायालयाने बाधितांचा अंदाजही मांडला. मृत्यू ३,०००, कायमचे अपंगत्व सुमारे ३०,००० जणांना, तात्पुरते २०,००० जणांना, आणि बाकीच्या किरकोळ इजा धरून एकूण संख्या लाखाच्या थोडी पुढे. ज्यांच्या वतीने हे सर्व मान्य केले जात होते, त्यांना आदल्या दिवशी काही माहीत नव्हते. वर सांगितलेल्या आदेश १, नियम ८ खालचा हा दावा असता, तर तडजोडीआधी जाहीर नोटीस द्यावीच लागली असती. पण हा दावा खास कायद्याखालचा होता आणि पालकाने सही केली होती.

यावर पीडितांच्या संघटना न्यायालयात गेल्या. कायद्याच्या वैधतेचा निकाल २२ डिसेंबर १९८९ रोजी चरणलाल साहू प्रकरणात लागला. तिथे एक मुद्दा असा होता की, भारतीय कंपनीतले वीस-बावीस टक्के भाग सरकारी वित्तसंस्थांकडे आहेत, शिवाय कारखान्यावर देखरेख ठेवण्यात सरकारच कमी पडले असा पीडितांचा आरोप आहे, मग असे सरकार पीडितांचा पालक कसे होणार? न्यायालयाचे उत्तर, थोडक्यात, दुसरे कोणी ते करू शकत नव्हते, असे होते. कायदा वैध ठरला. मात्र तडजोडीपूर्वी पीडितांना नोटीस देऊन त्यांचे म्हणणे ऐकायला हवे होते, हे न्यायालयाने मान्य केले आणि ती उणीव पुनर्विलोकनाच्या, म्हणजे न्यायालयाने आपलाच आदेश पुन्हा तपासण्याच्या, सुनावणीत भरून निघेल असे म्हटले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला कायद्याच्या दृष्टीने सर्वांत दुखरा क्षण हाच आहे. रक्कम ठरली, कंपनीने भरली, आणि त्यानंतर ‘तुमचे काय म्हणणे आहे’ असे विचारले गेले. लग्न लागून गेल्यावर मुलीची पसंती विचारावी, तसे हे झाले.

पुनर्विलोकनाचा निकाल ३ ऑक्टोबर १९९१ रोजी आला. फौजदारी खटले बंद करणारा भाग रद्द झाला, आणि त्यामुळेच २०१० मध्ये भारतीय कंपनीच्या अधिकाऱ्यांना दोषी ठरवणारा निकाल तरी लागू शकला. ४७ कोटी डॉलरची रक्कम मात्र कायम राहिली. पुढे कधी निधी कमी पडला तर ती तूट कल्याणकारी राज्य म्हणून केंद्र सरकारने भरून काढावी, असेही न्यायालयाने त्यात सांगितले. हे वाक्य लक्षात ठेवावे. बत्तीस वर्षांनी ते परत येते.

आता मोजदादीकडे येऊ. तडजोडीनंतर दावा आयुक्तांसमोर एकेका पीडिताचा दावा तपासण्याचे काम सुरू झाले आणि ते वर्षानुवर्षे चालले. शेवटी ज्यांना भरपाई मंजूर झाली, त्यांची संख्या सुमारे ५ लाख ७४ हजार निघाली आणि त्यांत मृत्यूचे दावे ५,२९५ होते. ४७ कोटी डॉलर म्हणजे त्या वेळच्या दराने सातशे कोटी रुपयांहून थोडे अधिक. ही रक्कम १ लाख ५ हजार लोकांत सरासरीने वाटली तर माणशी अडुसष्ट हजारांच्या आसपास येते. ५ लाख ७४ हजारांत वाटली तर साडेबारा हजारांच्या आसपास. प्रत्यक्ष वाटप इजेप्रमाणे झाले, हा केवळ ढोबळ हिशेब आहे, पण भाजक पाचपटींहून मोठा झाला आणि भाज्य तेवढेच राहिले, हे त्यातून कळते. एका ठरलेल्या रकमेला ‘संपूर्ण आणि अंतिम’ म्हणण्याचा धोका पूर्णपणे पीडितांवर पडतो. संख्या अंदाजापेक्षा कमी निघाली असती तर त्यांना जास्त मिळाले असते हे खरे, पण डोळ्यांनी न दिसणारी आणि वर्षांनी उमटणारी इजा असते तेव्हा मोजदाद वाढतच जाते.

इजा झालेल्या बहुसंख्य लोकांच्या हाती दावा न्यायालयातून २५,००० रुपये आले. १९९० पासून महिना २०० रुपये अंतरिम मदत मिळत होती, ती त्यातून वजा झाली. साडेबारा हजारांऐवजी पंचवीस हजार देणे शक्य झाले आणि तरीही निधी उरला, याचे कारण वेदनादायक आहे. पैसा डॉलरमध्ये ठेवलेला होता, वाटप रखडत होते, त्या काळात डॉलर पंधरा-सोळा रुपयांवरून पंचेचाळिसाच्या आसपास गेला आणि व्याजही साचले. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००४ मध्ये उरलेले १,५०३ कोटी रुपये त्याच लोकांना त्याच प्रमाणात वाटण्याचा आदेश दिला, आणि पंचवीस हजारांवर आणखी पंचवीस हजार मिळाले. म्हणजे रक्कम वाढली ती विलंबामुळे वाढली. जे त्या वीस वर्षांत गेले, त्यांच्या वाट्याची वाढ वारसांनी घेतली.

डिसेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारने क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे पुनर्विलोकनानंतरही उरणारा शेवटचा उपाय, दाखल करून सात हजार कोटींहून अधिक वाढीव रक्कम कंपनीकडून मागितली. १४ मार्च २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती फेटाळली. तडजोडीत फसवणूक झाल्याचा आधार सरकारने घेतलेला नाही, दोन दशकांनंतर ती उकरण्याचे कारण दिलेले नाही, आणि १९९१ च्या निकालाप्रमाणे तूट भरून काढण्याची जबाबदारी सरकारचीच होती, असे न्यायालयाने म्हटले. रिझर्व्ह बँकेत पडून असलेले ५० कोटी रुपये प्रलंबित दाव्यांसाठी वापरण्यास सांगितले. कायद्याच्या चौकटीत हे तर्कशुद्ध आहे: एकदा अंतिम झालेली तडजोड कोणीही, कधीही उघडू लागला तर प्रतिवादी कधीच तडजोडीला येणार नाही. पण याच अंतिमतेमुळे सही करण्याआधीची मोजदाद आणि संमती यांना इतके महत्त्व आहे. सही झाल्यानंतर दुरुस्तीचे दार जवळजवळ बंद होते.

याच्या शेजारी दिल्लीचे उपहार प्रकरण ठेवून पाहावे. १३ जून १९९७ रोजी उपहार चित्रपटगृहाला लागलेल्या आगीत ५९ माणसे गुदमरून मेली आणि १०३ जखमी झाली. मृतांच्या नातेवाइकांनी संघटना स्थापन केली आणि ती दिवाणी दावा न लावता रिट याचिकेने, म्हणजे हक्कभंगाबद्दल थेट उच्च न्यायालयात करायच्या अर्जाने, दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २००३ मध्ये उच्च न्यायालयाने प्रत्येकाचा पगार आणि खर्च वेगवेगळा न मोजता टप्पे ठरवले: मृत व्यक्ती वीस वर्षांहून मोठी असेल तर १८ लाख, लहान असेल तर १५ लाख, जखमींना प्रत्येकी १ लाख. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मृतांच्या वारसांची रक्कम १० लाख आणि साडेसात लाखांवर आणली, वर ९ टक्के व्याज दिले, आणि दंडात्मक भरपाई अडीच कोटींवरून २५ लाखांवर उतरवली. ही कपात मला कठोर वाटते. परंतु पद्धत पाहण्यासारखी आहे. माणसे नावानिशी माहीत होती, टप्प्याटप्प्याने रक्कम ठरवल्यामुळे प्रत्येक घराला स्वतंत्र हिशेब सिद्ध करत बसावे लागले नाही, आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार ज्यांचे माणूस गेले त्यांच्याच हाती राहिला.

आपल्यासारख्या सामान्य वाचकाला यातले जे रोजच्या व्यवहारात लागेल ते बहुधा ग्राहक संरक्षण कायद्याखालचे असेल. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३५(१)(ग) नुसार समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एक किंवा अधिक ग्राहक, ग्राहक आयोगाच्या परवानगीने, तक्रार करू शकतात. इथे दोन प्रकारांत गल्लत होते. दहा जणांनी मिळून फक्त आपल्या दहा जणांसाठी तक्रार केली, तर ती संयुक्त तक्रार झाली. दहा जणांनी त्या प्रकल्पातल्या सर्वच ग्राहकांसाठी केली, तर ती प्रातिनिधिक तक्रार झाली, आणि तिला परवानगी, नोटीस, तडजोडीवरची बंधने असे सगळे लागू होते. बेंगळुरूच्या एका प्रकल्पात १,१३४ सदनिका होत्या आणि त्यांतल्या ५१ सदनिकांच्या ९१ खरेदीदारांनी सर्वांच्या वतीने तक्रार केली होती. सर्वांचा हितसंबंध समान कसा आहे, हे तक्रारीत पुरेसे मांडलेले नाही, म्हणून ती प्रातिनिधिक मानता येणार नाही, पण त्या ९१ जणांची संयुक्त तक्रार म्हणून चालू शकेल, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ठरवले. एखाद्या वाक्याची उणीव किती महाग पडते, हे यावरून कळावे. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या नोंदणीकृत ग्राहक संघटनेलाही स्वतः तक्रारदार होता येते, आणि रेरा, म्हणजे गृहप्रकल्पांचे नियमन करणाऱ्या कायद्याखाली, सदनिकाधारकांच्या संघटनेला महारेराकडे, म्हणजे त्याच्या महाराष्ट्रातल्या प्राधिकरणाकडे, जाता येते.

भागधारकांसाठीचा मार्ग उशिरा आला. जानेवारी २००९ मध्ये सत्यम कॉम्प्युटरचा हिशेबातला घोटाळा उघड झाला, तेव्हा अमेरिकी बाजारात त्या कंपनीचे रोखे घेतलेल्यांनी तिथल्या सामूहिक दाव्यातून कंपनीकडून साडेबारा कोटी डॉलरची तडजोड मिळवली. त्याच घोटाळ्यात पोळलेल्या भारतीय भागधारकांना असा दावा लावायला इथे मार्गच नव्हता. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम २४५ मध्ये तो दिला गेला आणि २०१६ पासून अमलात आला.

पैशांचा प्रश्न उरतोच. आपल्याकडे वकिलाला निकालावर अवलंबून किंवा मिळणाऱ्या रकमेतल्या हिश्श्यावर फी ठरवता येत नाही. वकील परिषदेचे नियम तसे करू देत नाहीत. भोपाळच्या वस्त्यांत जे घडले ते पाहता या मनाईमागचे शहाणपण कळते, पण त्यामुळे गरीब पीडितांचा दावा स्वखर्चाने हाती घेणारा वकील मिळणेही कठीण होते. वकील नसलेल्या तिऱ्हाइताने दाव्याला पैसा पुरवण्यास सरसकट बंदी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे. व्यवहारात मात्र अजूनही वर्गणी काढूनच बहुतेक गट उभे राहतात. अशा गटाने पहिल्या बैठकीतच नावांची पूर्ण यादी, प्रत्येकाने भरलेली रक्कम आणि प्रत्येकाचे नुकसान एका तक्त्यात मांडून ठेवावे, आणि तडजोडीचा प्रस्ताव आला तर तो कोणासमोर व किती दिवस आधी ठेवायचा हे लेखी ठरवून घ्यावे. प्रतिपक्षाचा वकील सर्वांसाठी मिळून एकच आकडा सांगेल, तेव्हा त्या तक्त्यातल्या ओळींनी त्याला भागून पाहता आले पाहिजे.

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात ‘जाहीर नोटीस’ येते आणि आपण पान उलटतो. त्यात आपल्या प्रकल्पाचे, कंपनीचे किंवा गावाचे नाव आणि ‘आदेश १, नियम ८’ किंवा ‘कलम ३५(१)(ग)’ असे शब्द दिसले, तर कोणीतरी आपल्या वतीने न्यायालयात उभे आहे आणि तिथला निकाल आपल्यालाही बांधणार आहे, असा त्याचा अर्थ होतो. नोटिशीत दिलेल्या तारखेला किंवा तिच्या आधी आपला अर्ज दाखल झाला पाहिजे. पक्षकार व्हायचे असेल तर तसा, आणि तडजोडीची नोटीस असेल व ती मान्य नसेल तर हरकतीचा.